मंगळवारचे शंभर टक्के

१

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सोपवांगच्या रुग्णालयात रक्तपेढीचा संगणक अडकला. बंद पडला असता तर परवडलं असतं. तो चालू होता आणि स्क्रीनवरचं गोल चक्र नुसतं फिरत होतं. नेमकं त्याच वेळी प्रसूतिकक्षात एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता, आणि तिच्या गटाच्या पिशव्या कुठल्या कप्प्यात आहेत हे फक्त त्या संगणकाला ठाऊक होतं. शेवटी नर्सनं फ्रीज उघडून एकेक पिशवी हातानं चाळली. सतरा मिनिटं गेली. बाई वाचली, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही.

टांगणीला लागला तो दुसऱ्याच माणसाचा जीव. नऊ वाजता संचालक डॉ. प्रायून यांनी सगळ्यांना बोलावलं.

"तीन आठवड्यांतली ही दहावी वेळ," ते म्हणाले. "आज एक बाई जाता जाता राहिली. शुक्रवारी चौकशी समिती बसेल. कामपोल, तोवर सर्व्हरच्या खोलीची किल्ली इथे ठेव."

कामपोल बारा वर्षं आमचे सर्व्हर सांभाळतोय. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला पी पोल म्हणते. आमच्याकडे थोरल्या भावंडाला आणि थोरल्या सहकाऱ्यालाही 'पी'च लावतात. त्याच्यावर आळ होता की तो रुग्णालयाच्या सर्व्हरवर चोरून क्रिप्टोची नाणी काढतो. अशा कामाला संगणकाची सगळी ताकद लागते, आणि सर्व्हरचा प्रोसेसर तर शंभर टक्क्यांवर जाऊन बसत होता. तेही फक्त मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. पी पोलची पहाटेची पाळी याच तीन दिवशी असते. शिवाय त्याच्या चाचणीच्या मशीनवर अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा आकडा सापडला होता. आणि त्याच्या फोनवर नाण्यांच्या भावाचा आलेख दिसल्याचं कुणीतरी चिठ्ठी लिहून संचालकांना कळवलं होतं.

ते कुणीतरी म्हणजे मी.

पी पोलनं किल्ली टेबलावर ठेवली, हात जोडले आणि एक शब्द न बोलता बाहेर गेला. चोरी केलेला माणूस थोडा तरी आरडाओरडा करतो, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

२

बुधवारी आजान थाविन आले. आजान म्हणजे गुरुजी. तंत्रविद्यालयात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले, अंगानं काटकुळे, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही गप्प राहायची वाईट सवय असलेले. ती शांतता भरून काढायला माणूस नको ते बोलून जातो. संचालकांनी त्यांना समितीच्या आधी एकदा बघायला सांगितलं होतं, आणि मला त्यांच्या दिमतीला दिलं होतं.

"तोई, मला आधी हे घर समजावून सांग," ते मला म्हणाले.

मी संगणकवाली नाही, मी नोंदणीवाली. पण पी पोलनं कधीतरी सांगितलेलं आठवत होतं. "आजान, सर्व्हर एकच आहे. मोठा वाडगा समजा... नाही, चाळ समजा. त्यात सोळा व्हर्च्युअल मशीन राहतात. रक्तपेढीचं एक, औषधांचं एक, भेटींच्या वेळा ठरवायचं एक. प्रत्येकाला वाटतं आपण वेगळे राहतो. पण चूल सगळ्यांची मिळून एकच."

"म्हणजे एकानं चूल अडवली की बाकीचे उपाशी."

"आणि पी पोलचं मशीन अडवतं, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

मी जमिनीकडे बघितलं. ते गप्प राहिले. मी दात दाबून धरले आणि कशीबशी वेळ निभावली.

पी पोल उपाहारगृहात एकटाच बसला होता. चिकट भाताची करंडी समोर, पण झाकणही उघडलेलं नव्हतं.

"नाणी काढतोस?" आजाननी सरळच विचारलं.

"काढत नाही. घेतली होती, पाचशे बात मोजून. बुडाली. रोज भाव बघतो आणि स्वतःला शिव्या देतो." पी पोलनं कोरडं हसून घेतलं. "आजान, माझी मुलगी आठवीत आहे. शुक्रवारी माझं नाव फलकावर लागलं तर शनिवारी तिच्या शाळेत कळेल. गाव एवढंसं आहे."

"चाचणीच्या मशीनवर काय चालतं?"

"आदल्या दिवशीचा बॅकअप नीट झालाय का, ते सकाळी सहाला तपासतं. एरवी वीस मिनिटांत आटपतं. ह्या तीन दिवशी तासभर रखडतं."

"रखडतं?" आजाननी भुवई वर केली. "चोराचं काम रखडतं होय?"

३

नवी भेटींची प्रणाली विकणाऱ्या कंपनीचा माणूस चेत बँकॉकहून आला होता. इस्त्रीचा सदरा, अत्तर, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'खाप' लावून आदर दाखवणारा. त्याला बघितलं की आमच्या मुली केस सारख्या करतात. मी करत नाही, असं नाही.

"अठ्ठ्याण्णव टक्के मी स्वतः पाहिले, आजान खाप," तो म्हणाला. "फोटोही आहे."

"कुठे उभं राहून पाहिलेत?"

"म्हणजे?"

"कामपोलच्या मशीनच्या आत शिरून, की बाहेरून, चुलीपाशी?"

चेतनं गळपट्टी सैल केली. "आत शिरून."

"आतून सगळेच कामात बुडालेले दिसतात. चार दिवसांच्या उपाशी माणसाला विचारा, तो म्हणेल माझं सगळं लक्ष जेवणातच आहे. जेवला किती, ते वाढणाऱ्याला विचारायचं." आजाननी संचालकांकडून किल्ली मागवली होती. सर्व्हरच्या खोलीतल्या स्क्रीनवर त्यांनी चुलीचा हिशेब उघडला: कुणी किती ताकद मागितली, कुणाला किती मिळाली. मंगळवारी सकाळी पी पोलच्या मशीनला जेमतेम चार टक्के मिळाले होते. उरलेला सगळा वेळ ते रांगेत उभं होतं. रक्तपेढीचंही तसंच.

"हा तर नाडला गेलेला," आजान म्हणाले. "चोर वेगळाच आहे. बघ तोई, सातव्या क्रमांकाचं मशीन. एकटंच सोळा चुलाण्यांवर, म्हणजे प्रोसेसरांवर, बसलंय."

सातवं म्हणजे भेटींच्या वेळांचं. चेतचं.

चेतचा चेहरा उतरला. "सुरुवातीला त्याला चारच प्रोसेसर दिले होते. सतरा जूनला प्रणाली सुरू झाली, पहिल्या आठवड्यात सकाळी फार संथ चालायची. तक्रार येऊ नये म्हणून तेवीस जूनला मी सोळा करून दिले."

"आणि चोवीस जूनपासून रक्तपेढी अडायला लागली. मोजा, बरोबर दहा वेळा." आजाननी त्याच्याकडे पाहिलं. "हे कामपोलला सांगितलंत?"

चेत काहीच बोलला नाही. आजानही बोलले नाहीत. अर्धं मिनिट गेलं आणि चेत फुटला. "सांगितलं असतं तर दोष कंपनीवर आला असता. पण आजान, ताकद जास्त दिली हे खरं, ती खातंय कोण हे मलाही ठाऊक नाही! हीच प्रणाली आम्ही दुसऱ्या देशांत विकलीय, तिथे चार प्रोसेसरांत झोपा काढत चालते. इथेही सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी चालतेच की. तीच माणसं, तेवढेच रुग्ण. कामपोलनंच आत काहीतरी वेळ लावून सोडलं असेल. दहा जुलैला तर तो सुट्टीवर होता, तरीही अडकली!"

पी पोल इथे नसताना त्याच्या नावानं होतंय, तर तो सुटणार कसा?

४

आजान मात्र खूश दिसले. "दहा जुलै. गुरुवार, आसाळ्हा पूजेची, म्हणजे आषाढ पौर्णिमेची सुट्टी. किती वाजता अडकली?"

मी कागद काढला. "सहा पन्नास."

"एरवी?"

"सहा दहा. फार तर सहा बारा."

"घड्याळ लावून सोडलेल्या कामाला सण कळतो का गं? त्याला चाळीस मिनिटं उशीर का व्हावा? उशीर माणसांना होतो. त्या दिवशी सकाळी कुणाला उशीर झाला?"

मला पटकन आठवलं. त्या दिवशी विहारात मेणबत्तीची मिरवणूक निघाली होती, बाजारपेठेचा रस्ता बंद होता. डायलिसिसच्या रुग्णांना घेऊन येणारी नगरपालिकेची गाडी पुलावरून वळसा घालून आली. सुट्टी असो, सण असो, मूत्रपिंड सुट्टी घेत नाहीत. ती गाडी यायचीच.

"पण आजान, डायलिसिस तर सोमवार ते शनिवार रोज असतं," मी म्हटलं. "सोमवार-बुधवार-शुक्रवारची एक टोळी, मंगळवार-गुरुवार-शनिवारची दुसरी. दोन्हीकडे अडतीस माणसं. आणि सोमवारवाल्यांच्या टेबलावर तर मीच बसते. माझ्या दिवशी काही होत नाही."

हे बोलले आणि माझी मलाच भीती वाटली.

त्या दिवशी बुधवारच होता. दुपारी माझी टोळी आली तेव्हा ते माझ्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसले. रुग्ण आला की मी त्याचं कार्ड उघडायची आणि 'आले' हे बटण दाबायची. अडतीस वेळा दाबलं. चुलीचा आलेख जागचा हलला नाही.

"बरं झालं," मी म्हटलं.

"कुणासाठी?" ते म्हणाले.

रात्रभर मला झोप आली नाही. पी पोलवर आळ घातला मी, आणि आता संशयाची सुई माझ्याकडे फिरतेय असं वाटत होतं. आपण खणलेल्या खड्ड्यात आपणच, असं आई म्हणायची.

५

गुरुवारी पहाटे साडेपाचला आम्ही दुसऱ्या टोळीच्या टेबलापाशी हजर. तिथे पी साम्रुआय बसतात. वय एकोणसाठ, सप्टेंबरअखेर निवृत्ती. अक्षर मोत्यासारखं, शिस्त लष्करी. माउसला त्या 'उंदीर' म्हणत नाहीत, 'तो शिंक्या' म्हणतात, शिंक आल्यासारखा मध्येच उडतो म्हणून, आणि शक्यतो त्याला शिवत नाहीत. सगळं काही कळफलकावर टकाटका बडवतात.

"आजान, आधी काहीतरी खाऊन घ्या," त्या म्हणाल्या आणि केळीच्या पानातला गोड भात पुढे केला. "माझ्यावर संशय असला तरी खा. माझ्या हातचं आहे, कंपनीचं नाही."

चेत ओशाळला. पी पोल सर्व्हरच्या खोलीत बसून फोनवरून आम्हाला आकडे सांगणार होता. आजाननी संचालकांकडून तेवढी परवानगी काढली होती.

सहा वाजून आठ मिनिटांनी गाडी आली. सगळ्यांत पुढे लुंग खाम, बहात्तर वर्षांचा शेंगदाणेवाला, काठी आपटत. लुंग म्हणजे काका. तो अख्ख्या गावाचा काका. पी साम्रुआयनी त्याचं कार्ड उघडलं आणि 'आले' दाबलं.

"चौदा टक्क्यांवरून एकतीस," फोनवर पी पोलचा आवाज.

दुसरी बाई. 'आले.'

"बावन्न."

तिसरा. "एक्याऐंशी. आजान, काय करताय तुम्ही तिथे?"

चौथा. "शंभर! थांबवा, रक्तपेढी आत्ता अडेल!"

आजाननी पी साम्रुआयच्या हातावर अलगद हात ठेवला. "बाई, बाकीच्यांची नावं आज वहीत लिहा. वही आहे ना?"

"वही माझ्याकडे नेहमीच असते," त्या म्हणाल्या आणि वही उघडता उघडता थांबल्या. "मी काय केलं, आजान? निवृत्तीला अडीच महिने राहिलेत माझ्या. मी चोर आहे का?"

बटण तेच, प्रणाली तीच, कार्डही तसंच. फरक फक्त हाताचा होता.

६

आजाननी दोन कार्डं छापून मागितली. एक माझ्या टोळीतलं, एक पी साम्रुआयच्या. संचालकांच्या खोलीत टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली. संचालकांनी वाचली, चेतनं वाचली, पी साम्रुआयनी चष्मा पुसून वाचली, मी वाचली. दोन्हींवर तेच: आठवड्यातून तीन वेळा, खुर्ची क्रमांक अमुक, सरकारी योजनेची मुदत या वर्षअखेरपर्यंत.

"काहीच चूक नाही," संचालक म्हणाले.

"मीही तीनदा वाचलं आणि मलाही चूक दिसली नाही," आजान म्हणाले. "तोई, शेवटची तारीख मोठ्यानं वाच. तुझ्या कार्डावरची."

"एकतीस डिसेंबर दोन हजार पंचवीस."

"साम्रुआयबाईंच्या कार्डावरची?"

"एकतीस डिसेंबर दोन हजार पाचशे अडुसष्ट. मग? एकच दिवस आहे की!"

"तुला एकच, मला एकच, बँकेला एकच. आपण जन्मापासून दोन सनांत राहतो. फोनवर इंग्रजी सन, शाळेच्या दाखल्यावर बुद्धाचा. मनातल्या मनात पाचशे त्रेचाळीस वजा करतो आणि आपण वजाबाकी केली हे आपल्याला कळतही नाही. पण ही प्रणाली परदेशी. तिला बुद्धाचा सन कुणी शिकवलाय का, चेत?"

चेतनं नकारार्थी मान हलवली.

"तोईनं शिंक्याला हातात धरून समोर आलेल्या दिनदर्शिकेतून तारीख निवडली. दिनदर्शिका इंग्रजी, तारीख बरोबर. साम्रुआयबाईंनी चाळीस वर्षांच्या सवयीनं हातानं बडवली. प्रणालीनं निमूट घेतली आणि तिला वाटलं की या माणसाला आणखी पाचशे त्रेचाळीस वर्षं डायलिसिस करायचंय." आजाननी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला. "आठवड्याला तीन, वर्षाला बावन्न आठवडे. एका माणसाच्या चौऱ्याऐंशी हजार सातशे आठ भेटी. बुद्धाचे उपदेश चौऱ्याऐंशी हजार म्हणतात, त्याच्याही वर! 'आले' दाबलं की ती बिचारी पुढच्या सगळ्या भेटी काढते, आणि त्या वेळी त्या खुर्चीवर दुसरं कुणी नाही ना, हे एकेक करून तपासते. अशी माणसं अडतीस."

संचालकच पहिल्यांदा हसले. मोठ्यानं, टेबल बडवून, डोळे पुसत. "म्हणजे रक्तपेढी अडली ती आठशे वर्षांपुढच्या—"

"पाचशे त्रेचाळीस, डॉक्टर."

"—पाचशे त्रेचाळीस वर्षांपुढच्या खुर्चीवर कोण बसणार, या काळजीनं!"

पी साम्रुआय मात्र रडायला लागल्या. "त्या बाईला काही झालं असतं तर? माझ्या बोटांनी झालं असतं."

आजान उठून त्यांच्यासमोर गेले. "बाई, तुम्ही खरी तारीख लिहिलीत. या देशात ती खरीच आहे. पाच शतकांनंतरची तारीख मुकाट्यानं घेणारं यंत्र बनवणाऱ्याची चूक आधी. ते संथ चालतंय तर का, हे न बघता त्याला चौपट चुलाणी देणाऱ्याची त्यानंतर. आणि उपाशी माणसाला चोर ठरवणाऱ्यांची सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत मोठी."

शेवटचं वाक्य ते चेतकडे बघून बोलले. टोचलं मला.

चेत उठला आणि त्यानं पी साम्रुआयसमोर वाकून हात जोडले. सोळाचे परत चार करतो म्हणाला, आणि दोन वर्षांपलीकडची तारीख टाकली की प्रणाली विचारेल, अशी सोय संध्याकाळपर्यंत करून देतो म्हणाला. संचालकांनी समितीचा कागद फाडला आणि पी पोलला किल्ली परत केली. ती दोन्ही हातांनी दिली, हे मी पाहिलं.

७

दुपारी अडतीस कार्डं दुरुस्त करायला पी पोल आणि मी बसलो. मी तारीख बदलायची, तो आलेख बघायचा. पहिलं कार्ड लुंग खामचं. तो चार तास नळ्या लावून उठलेला, आता परतीच्या गाडीची वाट बघत बसलेला, सगळं ऐकलेलं.

"तोई, पोरी," त्यानं हाक मारली, "माझी किती वर्षं कापलीस?"

"पाचशे त्रेचाळीस, लुंग."

"बघा! साम्रुआयबाईंनी एवढी माया केली होती माझ्यावर. तू डिसेंबरवर आणून ठेवलंस." शेजारच्या खुर्च्यांवरचे सगळे खो खो हसले. "पुढल्या वर्षी परत वाढवशील ना?"

"वाढवीन. हातानं, शिंक्या न धरता," मी म्हटलं, आणि तो इतका हसला की नर्स रागावली.

विसावं कार्ड झालं तेव्हा प्रोसेसर अकरा टक्क्यांवर होता. पी पोलनं खुर्चीला पाठ टेकली. तीन आठवड्यांत त्याला पाठ टेकून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला राहवेना.

"पी पोल, ती चिठ्ठी मी लिहिली होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. डॉक्टरांनी ती माझ्यासमोरच धरली होती. बारा वर्षं 'प्रिंटर चालत नाही' म्हणून तुझ्या हातच्या तक्रारी वाचतोय. अक्षर ओळखणार नाही होय?"

चिठ्ठी लिहिताना मला ती शूरपणाची वाटली होती. आता लाजेनं मान वर होत नव्हती. "मग आजानना का नाही सांगितलंस?"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. त्याचं अक्षर भयंकर, पण लागलं. शुक्रवारच्या समितीसाठी लिहिलेला अर्ज होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार नोंदणीच्या टेबलावर अमुक बाई बसते. प्रत्येक वेळी दुसऱ्याच दिवशी यंत्र अडकतं. ती जाताना काहीतरी लावून ठेवत असावी. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

"मी तीन आठवडे तुझ्यावर पाळत ठेवून होतो," तो म्हणाला. "तू डबा कधी खातेस, तेही लिहून ठेवलंय."

मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. मग दोघांनाही असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं कुठलं नि सुटल्याचं कुठलं हे मला आजही सांगता यायचं नाही. त्यानं तो कागद परत घेतला, फाडला, आणि पुढचं कार्ड उघडलं.

"चल, एकविसावं," तो म्हणाला. "अठरा राहिलीत. चारला मुलीला शाळेतून आणायला जायचंय मला."